मालवाहतूक एजंट (कोल्हापूर)

मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीच्या नावाने स्थानिक माल बुक करून कमिशन घेणारा व्यावसायिक. बाजारात त्याला बुकिंग एजंट म्हणतात. तो कंपनीचा पगारी नोकर नसतो. गाळा, फोन, माणसे आणि पार्ट्या (माल पाठवणारी गिऱ्हाइके) त्याच्या स्वतःच्या असतात. ट्रक दलाल गाडी आणि पार्टी यांची गाठ घालून देतो, दलाली घेतो आणि बाजूला होतो. एजंट कंपनीची बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची पावती, फाडतो. त्यामुळे माल पोचेपर्यंतची जबाबदारी कंपनीवर येते आणि कंपनी त्याचा जाब एजंटाला विचारते.

अमेरिकेत मालवाहतुकीची दलाली करणाऱ्या कंपनीला संघीय नोंदणी करावी लागते आणि ७५,००० डॉलरची हमी द्यावी लागते. एजंट तिच्या परवान्यावर काम करतो. भारतात १८६५ चा जुना कायदा रद्द करणारा रस्ता मालवाहतूक कायदा, २००७ हा २०११ पासून लागू आहे. त्यातील वाहकाच्या व्याख्येत बुकिंग कंपनीबरोबर एजंट आणि दलालही येतात. माल हरवला किंवा खराब झाला तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहकाला लेखी नोटीस द्यावी लागते, आणि जादा जोखमीसाठीचा वाढीव दर भरलेला नसेल तर भरपाई भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित राहते. पार्टीला हे बुकिंगच्या वेळीच सांगणे एजंटाचे कर्तव्य आहे. अनेक जण सांगत नाहीत.

कोल्हापुरात या धंद्याला जागा मिळाली ती मालाच्या विविधतेमुळे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील औद्योगिक वसाहतींतून कास्टिंग (धातूचे ओतीव भाग) निघते, इचलकरंजीतून कापड आणि हंगामात शाहूपुरी व मार्केट यार्डातून गूळ, तोही मोठ्या प्रमाणात गुजरातकडे. पुणे-बंगळुरू महामार्ग हाताशी असल्याने सांगली फाट्यावर गाड्या सहज मिळतात. पण माल हाताळायची रीत प्रत्येकाची निराळी. कास्टिंगने गाडी निम्मीही न भरता वजन पूर्ण होते. मशिनिंग झालेल्या नगावर पाणी पडले तर गंज चढतो आणि पार्टी माल परत पाठवते. गूळ ओल धरतो, म्हणून ताडपत्री फाटकी नाही ना, हे एजंटाने भराईआधी स्वतः गाडीवर चढून पाहावे.

हिशेब साधा वाटतो. समजा, पार्टीशी भाडे ४०,००० रुपये ठरले आणि गाडी ३७,००० ला मिळाली, तर उरलेल्या ३,००० मध्ये कंपनी व एजंट यांचा ठरलेला वाटा. मात्र गाडीवाल्याला डिझेलसाठी ॲडव्हान्स भराईच्या वेळीच हवा असतो, तर पार्टीचे पैसे पोच आल्यावर, कधी महिन्या-दोन महिन्यांनी येतात. हा मधला काळ कंपनीच्या भांडवलावर निघतो. मोठ्या कंपनीच्या नावाखाली राहण्याचे खरे कारण हेच.

दुसरे कारण अडचणीत कळते. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या पुराचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि वाहतूक काही दिवस ठप्प झाली. जुलै २०२१ मध्येही रस्ता बंद पडला. अशा वेळी गाडी उभी असते, पण ई-वे बिलाची (मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत चालूच राहते. ती संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत वाढवून घ्यावी लागते, आणि बिल कंपनीच्या ट्रान्सपोर्टर आयडीवर (वाहतूकदाराच्या नोंदणी क्रमांकावर) असेल तर एजंटाला रात्री-अपरात्री मुख्य कार्यालयातला माणूस फोनवर मिळायला हवा. ज्या कंपनीत तो मिळतो, तिचीच एजन्सी घेण्यासारखी असते.

एजन्सीचा करार बऱ्याचदा तोंडी असतो. पार्टीने पैसे बुडवले तर तोटा कोणाचा, आणि एजन्सी सुटल्यावर त्या पार्ट्या कोणाकडे राहणार, या दोन मुद्द्यांवर भांडणे होतात. हे दोन्ही मुद्दे पहिली बिल्टी फाडण्याआधी कागदावर यायला हवेत.