रक्त कमी आहे, पण लोह कमी की बी-१२?

रिपोर्टात हिमोग्लोबिन ९ आलं की घरोघरी एकच कार्यक्रम सुरू होतो: बीट, खजूर, अहळिवाचे लाडू. लोहच कमी असणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं. पुष्कळदा ते खरंही असतं, विशेषतः पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या बायकांच्या बाबतीत. पण दम लागणं, गळून जाणं, फिकट चेहरा हे बी-१२ जीवनसत्त्व कमी पडल्यानंही होतं, आणि तिथे लाडवांचा उपयोग नाही.

त्याच रिपोर्टात थोडं खाली एमसीव्ही हा आकडा असतो. तांबड्या पेशीचं ते सरासरी आकारमान; साधारण ८० ते १०० असलं की ठीक. लोह हा हिमोग्लोबिनचा कच्चा माल. तो अपुरा पडला की पेशी लहान, फिकट निघतात. बी-१२ लागतं पेशीतला डीएनए बनवायला. ते नसलं की पेशी वेळेवर विभागत नाही, नुसती फुगत जाते आणि आकडा १०० च्या वर सरकतो. दोन्ही एकदम कमी असतील तर मात्र आकडा साळसूदपणे ९० दाखवू शकतो. म्हणून फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा सांगणारी तपासणी) आणि बी-१२ दोन्ही तपासलेलं बरं.

पाटीवरची पेन्सिल, माती किंवा बर्फ खावासा वाटतो तो बहुधा लोहाच्या कमतरतेत. भाजी-उसळीतलं लोह अंगी लागायला लिंबू पिळावं, जेवणावर लगेच चहा टाळावा.

बी-१२ भाजीपाल्यात नाहीच. ते दूध-दही, अंडी, मासे, मटणात. जठरातल्या एका प्रथिनाशिवाय ते नीट शोषलं जात नाही, त्यामुळे मांसाहार करणाऱ्यालाही कमी पडू शकतं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनाही. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून सुरुवातीला पत्ता लागत नाही.

खरी भीती नसांची, म्हणजे मज्जातंतूंची. तळपायाला मुंग्या येतात, पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही, अंधारात तोल जातो. त्यात एक फसगत आहे. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत फॉलिक ॲसिडही असतं. बी-१२ कमी असलं तरी फॉलिकनं हिमोग्लोबिन वर येऊ शकतं, रिपोर्ट छान दिसतो आणि नसा आतून बिघडतच राहतात. ‘रक्त वाढलं, पण मुंग्या काही जात नाहीत’ असं कुणी म्हणालं, तर गोळ्यांचं नवं पाकीट आणण्याआधी बी-१२ तपासून घ्यायला सांगा.