माशांपर्यंत न पोहोचणारं अन्न

मोठा मासा लहान माशाला खातो, जीवो जीवस्य जीवनम्, आणि झाली समुद्राची अन्नसाखळी, असं बहुतेकांना वाटतं. शाळेतलं ते चित्र डोक्यात बसलेलं असतं, खाली शैवाल, मग बारीक प्राणी, मग मासा, वर शार्क. चित्र चुकीचं नाहीये, पण समुद्रात तयार होणाऱ्या अन्नाचा खूप मोठा भाग, कित्येक ठिकाणी जवळपास निम्मा, त्या चित्रात कुठेच नाही आणि मला तोच भाग सगळ्यात भारी वाटतो.

समुद्रातलं बहुतेक अन्न वनस्पती प्लवक बनवतात. हे एकपेशीय जीव पृथ्वीवरचं साधारण निम्मं प्रकाशसंश्लेषण करतात. (यावरून "आपला दर दुसरा श्वास समुद्र देतो" असले मेसेज फिरत असतात, कृपया पुढे पाठवू नका. तिथे तयार होणारा जवळजवळ सगळा ऑक्सिजन तिथलेच जीव वापरून टाकतात, हवेतला साठा कोट्यवधी वर्षांत जमलेला आहे.)

आता या प्लवकांच्या पेशीतून साखरेसारखे पदार्थ पाण्यात झिरपत असतात, कोपेपॉड नावाचे बारीक प्राणी त्यांना खाताना बरंच सांडतात, आणि व्हायरसने पेशी फोडली तर आतलं सगळंच पाण्यात. हे विरघळलेलं अन्न मासा खाणार कसा? ते उचलतात बॅक्टेरिया. पूर्वी समुद्रातले बॅक्टेरिया प्रयोगशाळेत बशीत वाढवून मोजायचे, बहुतेक जाती बशीत वाढतच नाहीत, त्यामुळे आकडा किरकोळ यायचा आणि कोणी लक्ष देत नव्हतं. चमकणारा रंग देऊन थेट मायक्रोस्कोपखाली मोजले तेव्हा एका मिलिलिटरमध्ये साधारण 10 लाख निघाले! शास्त्रज्ञ लॉरेन्स पॉमेरॉय यांनी 1974 मध्ये हा मुद्दा लावून धरला आणि 1983 मध्ये फारुक आझम व सहकाऱ्यांनी 'मायक्रोबियल लूप' (सूक्ष्मजीवांचा फेरा) नावाने पूर्ण मांडणी केली.

बॅक्टेरियांना फ्लॅजेलेट (शेपटीने पोहणारे एकपेशीय जीव) खातात, फ्लॅजेलेटना सिलिएट (अंगावर बारीक केस असलेले, जरा मोठे एकपेशीय जीव), सिलिएटना कोपेपॉड आणि मग कुठे मासा. दर पायरीला ढोबळमानाने 10 टक्केच ऊर्जा पुढे जाते असं धरलं तर प्लवकातली 1000 एकक ऊर्जा थेट कोपेपॉडमार्गे माशाकडे 10 पोहोचते, बॅक्टेरियामार्गे गेली तर 0.01. (एकपेशीय जीव जास्त काटकसरी असतात, त्यामुळे खरा फरक इतका टोकाचा नसतो, पण दिशा हीच.)

मग हा सगळा खटाटोप फुकट जातो का? अजिबात नाही. बॅक्टेरियाच्या शरीरात कार्बनच्या मानाने नायट्रोजन भरपूर असतो, साधारण 5 अणूंना 1. फ्लॅजेलेटलाही स्वतःसाठी जवळपास तेच प्रमाण लागतं, पण खाल्लेल्या कार्बनपैकी निम्म्याहून जास्त तो श्वसनात जाळतो, म्हणजे त्या वाट्याचा नायट्रोजन उरतो आणि तो अमोनियम म्हणून पाण्यात सोडून देतो. प्लवकांना नेमकं हेच खत हवं असतं. ऊर्जा उष्णता होऊन गेली ती गेली, ती फिरून येत नाही, पण नायट्रोजन आणि फॉस्फरस पुन्हा पुन्हा तिथेच फिरतात, म्हणून तर मोकळ्या समुद्राच्या जवळजवळ खत नसलेल्या पाण्यातही जीवन टिकतं. व्हायरससुद्धा बॅक्टेरिया फोडून हेच करतात, त्यातलं अन्न वर न जाता परत पाण्यात.

आणि जिथे खोल पाणी वर येऊन खताचा नवा पुरवठा करतं, उदाहरणार्थ पेरूचा किनारा, तिथे डायटम नावाचे मोठ्या आकाराचे वनस्पती प्लवक वाढतात, अँकोव्हीसारख्या माशांपर्यंतची साखळी एकदोन पायऱ्यांचीच उरते. समुद्राचा अगदी छोटासा पट्टा असूनही एवढी प्रचंड मासळी तिथे मिळते ती यामुळेच.