जीर्णोद्धार (सार्वजनिक वास्तूंचा), कोल्हापूर

जीर्णोद्धार (सार्वजनिक वास्तूंचा) : जुनी सार्वजनिक इमारत डागडुजी करून ठेवावी की पाडून त्या जागी नवी बांधावी, याचा निर्णय व त्यामागचे निकष. प्रस्तुत नोंदीत कोल्हापूर शहरातील उदाहरणे घेतली आहेत.

‘जीर्ण’ व ‘उद्धार’ मिळून बनलेला हा शब्द आज ‘दुरुस्ती’ या अर्थी रूढ आहे. मूळ अर्थाबद्दल दोन मते संभवतात. जीर्ण वस्तू वर काढणे, सावरणे असा अर्थ काही जण लावतात. इतरांच्या मते ती उपटून काढून तिच्या जागी दुसरी स्थापणे हाही त्याचाच भाग. अग्निपुराणातील जीर्णोद्धारविधी दुसऱ्या मताला अधिक अनुकूल दिसतो. त्यात निकामी झालेली लाकडी मूर्ती अग्नीत व पाषाणाची पाण्यात विसर्जित करून, त्याच मापाची व त्याच द्रव्याची नवी बसवण्यास सांगितले आहे. या पुराणाचा काळ वादग्रस्त असून आजची संहिता एका हातची नसावी. तरीही दुरुस्ती आणि बदल यांत तिथे आजच्यासारखी भिंत नाही, एवढे म्हणता येते. कसोटी माप आणि द्रव्य यांची आहे.

कोल्हापुरातील अलीकडचे ठळक उदाहरण संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाचे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१३–१५ या काळात ते ‘पॅलेस थिएटर’ म्हणून बांधवले. शेजारचे खासबाग कुस्ती मैदान त्याच्या थोडे आधीचे, १९१२च्या सुमाराचे. दोन्ही वास्तूंची प्रेरणा महाराजांच्या १९०२च्या युरोप दौऱ्यात शोधली जाते. मैदानाच्या बाबतीत ते पटण्यासारखे आहे. नाट्यगृहाबाबत तितके खात्रीने म्हणता येत नाही. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आग लागून रंगमंच, छप्पर व आतील लाकूडकाम जळाले. दगडी भिंती व दर्शनी भाग उभा राहिला. आदल्या दशकातच महापालिकेने इमारतीचे नूतनीकरण केले होते. आगीनंतर ‘होते तसेच’ उभारायचे असे ठरले, म्हणजे नकळत जुन्याच विधीकडे वळणे झाले. माप पाळणे मात्र द्रव्य पाळण्यापेक्षा सोपे जाते.

द्रव्याचा प्रश्न मुख्यतः चुन्याचा आहे. शहरातील संस्थानकालीन इमारती काळ्या दगडाच्या व चुन्यातल्या. चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, मळलेल्या चुन्यात गूळ, हिरडा मिसळण्याची रीत होती. असा चुना ओल शोषतो आणि बाहेर टाकतो. त्यावर दगडांमधले सांधे (दर्जे) सिमेंटने भरले की ओल आत कोंडते. दगड शाबूत दिसतो, मागचा चुना मात्र भुगा होतो. हातोडीने ठोकल्यावर भरीव भिंत ठण् वाजते, पोकळ भिंत बद्द. आगीत चुना पुन्हा भाजून निघतो व बोटाने खरवडला तरी पिठासारखा सुटतो, म्हणून उभी राहिलेली प्रत्येक भिंत भार घेईलच असे नाही. पुराच्या पट्ट्यातील इमारतींत पायातून चढणारी ओल हा वेगळा विषय आहे.

कायद्याच्या बाजूने महानगरपालिका अधिनियमातील कलम २६४ धोकादायक बांधकामांना लागू होते. संरचनात्मक परीक्षणानंतर इमारत सी-१ (रिकामी करून पाडणे), सी-२अ (रिकामी करून मोठी दुरुस्ती), सी-२ब (रिकामी न करता दुरुस्ती) किंवा सी-३ (किरकोळ दुरुस्ती) या वर्गांत टाकतात. या वर्गवारीत वारशाला रकाना नाही. तो विकास नियमावलीतील वारसा श्रेणीतून वेगळा येतो, आणि दोन कागद एकमेकांशी बोलतातच असे नाही.

पंचगंगा नदीवरील शिवाजी पुलाच्या बाबतीत उलट घडले. एकोणिसाव्या शतकातील जुन्या पुलाला पर्यायी पूल बांधताना जवळच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या (प्राचीन वसाहतीच्या अवशेषांची जागा) संरक्षित दर्जामुळे काम अनेक वर्षे अडले. जानेवारी २०१८मध्ये जुन्या पुलावरून मिनीबस नदीत कोसळून १३ जणांचा मृत्यू झाला. नवा पूल २०१९मध्ये खुला झाला.

तिसरा मार्ग वापर बदलण्याचा. ब्रिटिश लष्करी अभियंता व वास्तुविशारद मेजर चार्ल्स मँट यांनी आराखडा केलेल्या, १८७०च्या दशकातील टाऊन हॉलमध्ये १९४९पासून संग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या उत्खननातील वस्तूंसाठी १९४६मध्ये सुरू झालेले हे संग्रहालय तिथे हलवले गेले.