गोदाम कायद्याच्या कक्षेत कसे आले : नाशिकच्या लहान व्यावसायिकांसाठी पार्श्वभूमी

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, तेव्हा अंबड, सातपूर, विल्होळी किंवा पिंपळगाव बसवंत परिसरात दहा-पंधरा माणसांवर गोदाम चालवणाऱ्यांना साहजिकच प्रश्न पडला, की आपला कारखाना नसताना हे नियम आपल्याला कसे लागू होतात. या प्रश्नाचे मूळ आपल्या कामगार कायद्यांच्या जडणघडणीतच आहे.

भारतातला पहिला कारखाना कायदा 1881 मध्ये झाला आणि तो यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या, शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांपुरता होता. गिरण्यांत राबणारी लहान मुले आणि कुंपणाविना फिरणारी यंत्रे हा त्या वेळच्या चिंतेचा विषय होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईतील गिरणी कामगारांना संघटित केले, तेव्हाही लढ्याचे केंद्र गिरणीच होती. पुढे 1948 च्या कायद्याने मर्यादा खाली आणली आणि विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा, विजेविना वीस कामगार पुरेसे ठरले. पण उत्पादन प्रक्रियेची अट कायम राहिली. परिणामी यंत्राच्या पट्ट्यात हात सापडला तर कायदा धावून येत असे, आणि पोत्यांची थप्पी अंगावर कोसळली तर ती बहुधा त्या कायद्याबाहेरची गोष्ट ठरत असे.

मात्र ही सीमारेषा वाटते तितकी स्पष्ट कधीच नव्हती. त्याच कायद्याच्या व्याख्येत विक्रीसाठी किंवा वाहतुकीसाठी माल बांधणे हीसुद्धा उत्पादन प्रक्रिया मानली आहे, त्यामुळे पॅकिंगचे यंत्र बसवलेली काही गोदामे नकळत कारखान्याच्या व्याख्येत येत होती. 1976 च्या दुरुस्तीने शीतगृहातील साठवणूकही त्यात आणली. नाशिकच्या द्राक्षपट्ट्याच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा होता, कारण अमोनियावर चालणारे शीतगृह कारखाना ठरू लागले, तर शेजारचे कांद्याचे गोदाम बाहेरच राहिले.

गोदामातल्या माणसाकडे थेट पाहणारा कायदा महाराष्ट्राने 1969 मध्ये केला, तो माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीचे बळ होते. या कायद्यामुळे नोंदणी, मजुरी आणि भविष्य निर्वाह निधी यांना आधार मिळाला. पण लासलगावसारख्या बाजारपेठांत चर्चा हमाली, तोलाई आणि वाराई या माल उचलण्या-तोलण्याच्या मजुरीच्या दरांवरच अधिक झाली. पोते उचलणाऱ्याच्या पाठीच्या दुखण्याकडे तितके लक्ष गेले नाही, याची खंत वाटते.

आगीचा विषय स्वतंत्रपणे पुढे आला. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 हा डिसेंबर 2008 मध्ये अमलात आला. अग्निशमन व्यवस्था चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करण्याची जबाबदारी त्याने मालकावर किंवा भोगवटादारावर, म्हणजे जागा वापरणाऱ्यावर, टाकली. त्यामुळे गाळा भाड्याचा आहे, हे सांगून भाडेकरूची सुटका होत नाही. 1 जानेवारी 2023 रोजी इगतपुरी तालुक्यातील मुंढेगाव येथील कारखान्यात लागलेल्या आगीत कामगारांचे जीव गेले, हे जिल्ह्याला विसरता येणार नाही. माझ्या मते लहान गोदामाने तयारीची सुरुवात याच कायद्यापासून करावी. बाहेर पडायचा दुसरा रस्ता खोक्यांनी अडलेला असेल, तर भिंतीवरच्या आग विझवायच्या सिलिंडरचा उपयोग फार थोडा.

दरम्यान गोदामाचे स्वरूपही पालटले. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर आला, करासाठी राज्याराज्यांत माल विखरून ठेवण्याचे कारण उरले नाही आणि मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या जागांना मागणी आली. जमिनीवरची थप्पी जाऊन उंच रॅक आले, माल उचलून ठेवणारी फोर्कलिफ्ट गाडी आली. रॅकच्या प्रत्येक कप्प्यावर किती वजन चालेल याची पाटी, वाकलेला खांब लगेच बदलणे, फोर्कलिफ्टचा मार्ग आणि पायी चालण्याचा मार्ग रंगाच्या पट्ट्यांनी वेगळे करणे, या गोष्टी त्यामुळेच आवश्यक झाल्या.

नव्या संहितेने कारखाना कायद्यासह 13 कायदे एकत्र केले. तिच्यात कारखाना ठरण्याची मर्यादा विजेसह वीस आणि विजेविना चाळीस कामगार अशी वाढली आहे, आणि हे ऐकून काही जण निर्धास्त झाले आहेत. पण जिथे कोणताही उद्योग किंवा व्यापार चालतो आणि दहा किंवा अधिक कामगार आहेत, अशी जागा ‘आस्थापना’ म्हणून संहितेत येते, आणि कामाची जागा धोक्यांपासून मुक्त ठेवण्याचे कर्तव्य तिच्या मालकावर आहे. हे कर्तव्य न पाळल्याने कामगाराचा मृत्यू झाला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि दंडाचा निम्मा किंवा अधिक भाग वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. दुखापतीमुळे कामगाराला 48 तास किंवा अधिक काळ काम करता आले नाही, तरीही त्या अपघाताची सूचना अधिकाऱ्यांना द्यावी लागते. म्हणून अपघातांची नोंदवही आजच सुरू करणे हिताचे आहे.