डेंड्रिमर : मेंदूतील दाह शमवणारे नॅनोकण

डेंड्रिमर म्हणजे झाडासारखा फांद्यांवर फांद्या फुटत गेलेला कृत्रिम रेणू. नावही झाडाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. फांद्यांच्या प्रत्येक थराला 'पिढी' म्हणतात. मेंदूच्या उपचारासाठी अभ्यासलेला चौथ्या पिढीचा कण जेमतेम ४ नॅनोमीटरचा असून त्याच्या टोकांवर ६४ हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात. त्यांतल्या काहींना औषध जोडता येते.

हे औषध पोहोचवायचे असते मायक्रोग्लिया या मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशींपर्यंत. स्पॅनिश शास्त्रज्ञ पीओ देल रीओ ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांची वेगळी ओळख पटवली. एरवी या पेशी बारीक फांद्या पसरून आसपासचा कानोसा घेत असतात. दाह झाला की फांद्या आखडतात, पेशी फुगते, दिसेल ते गिळू लागते आणि चेतापेशींना मारक द्रव्ये सोडते. गंमत अशी, की याच अधाशीपणात ती डेंड्रिमरही गिळते. निरोगी मेंदूत हे कण फारसे साठत नाहीत. पत्ता जणू आजारच सांगतो. पेशीत शिरल्यावर औषधाला कणाशी जोडणारा गंधकाचा बंध तुटतो आणि औषध मोकळे होते. पेशी मरत नाही, निवळते.

रंगरामानुजम कण्णन, सुजाता कण्णन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अमेरिकेत सशांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. ससाच का, तर त्याच्या मेंदूची वाढ माणसाप्रमाणे जन्माच्या आधी आणि नंतरही चालू असते. गाभण मादीच्या गर्भाशयात जिवाणूंचे विष टोचल्यावर जन्मलेल्या पिलांचे पाय ताठर होते, त्यांना धड चोखता-गिळता येत नव्हते, सेरेब्रल पाल्सीसारखेच (विकसित होणाऱ्या मेंदूला इजा होऊन येणारा हालचालींचा विकार). जन्मानंतर सहा तासांच्या आत त्यांना डेंड्रिमरला जोडलेले एन-ॲसिटिलसिस्टीन दिले. पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर उतारा म्हणून वापरतात तेच हे जुने औषध. पाचव्या दिवशी पिलांची हालचाल जवळपास सामान्य झाली. नुसते औषध दहापट देऊनही तेवढा गुण आला नाही.

पुढे याच जोडऔषधाची चाचणी 'अश्वत्थ थेराप्युटिक्स' या कंपनीने गंभीर कोविडच्या २४ रुग्णांवर घेतली. फांद्यांच्या रेणूला पिंपळाचे नाव शोभतेही. पण ती चाचणी अर्भकांच्या मेंदूची नव्हती. अर्भकांच्या बाबतीत खरी अडचण वेळेची आहे. सशांमध्ये इजा कधी झाली हे आधीच ठाऊक होते. बाळाला सेरेब्रल पाल्सी असल्याचे मात्र बहुधा ते वेळेवर बसत नाही, रांगत नाही, तेव्हाच लक्षात येते.