चिमणीशिवाय विष संपवताना

कापसावर फवारणीचे दिवस आले की परभणी-जिंतूरकडच्या कृषी सेवा केंद्रातला जाणता विक्रेता औषधाच्या बाटलीबरोबर एक सूचना तोंडी देतो: हे चुन्याच्या निवळीत किंवा चुना-मोरचुदाच्या बोर्डो मिश्रणात मिसळू नका. बाटलीवरच्या बारीक अक्षरांतही तेच छापलेले असते. मॅलॅथिऑनसारख्या ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या रेणूत फॉस्फरसच्या अणूला चिकटलेला एक गट असा असतो, की अल्कधर्मी पाण्यातले हायड्रॉक्साइड आयन त्याला तिथून हुसकावून लावतात आणि तो सुटला की रेणूचे विष मरते. शेतकऱ्याच्या हिशेबात हे औषध वाया जाणे असते. पण नेमकी हीच ‘नासाडी’ घडवून आणण्यासाठी अमेरिकेत हजारो कोटी रुपयांचे कारखाने उभारले गेले, कारण तिथे नासवायचा होता तो युद्धासाठी साठवलेला विषारी माल.

ही तुलना ओढूनताणून केलेली नाही. गेरहार्ड श्राडर हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ कीटकनाशकाच्या शोधात असताना 1936 साली टॅबून आणि 1938 मध्ये सॅरिन ही युद्धविषे हाती लागली. पुढे 1950 च्या दशकात ब्रिटनमधल्या कीटकनाशक संशोधनातूनच व्हीएक्स या त्याच घराण्यातल्या युद्धविषाची वाट निघाली. मेंदूकडून स्नायूला गेलेला संदेश पोहोचल्यावर तो पुसून टाकणारे ॲसिटिलकोलिनएस्टरेज नावाचे एंझाइम ही विषे बंद पाडतात, आणि ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकेही तेच करतात. फवारणीच्या हंगामात मराठवाड्यातल्या ग्रामीण रुग्णालयात ज्यांनी ड्यूटी केली आहे, त्यांना टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या डोळ्यांच्या बाहुल्या, तोंडातून गळणारी लाळ आणि उतारा म्हणून दिलेली ॲट्रोपीनची इंजेक्शने यांची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. सॅरिनच्या बाधेवरही उपचाराची सुरुवात ॲट्रोपीननेच होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अशा अस्त्रांची विल्हेवाट म्हणजे बहुतेक ठिकाणी समुद्र, खड्डा किंवा उघड्यावरची आग असे. 29 एप्रिल 1997 पासून लागू झालेल्या रासायनिक अस्त्रबंदी कराराने हे तिन्ही मार्ग बंद केले. मग उरली ती बंदिस्त भट्टी. अमेरिकी लष्कराने 1990 पासून प्रशांत महासागरातल्या जॉन्स्टन बेटावर आणि नंतर यूटा, अलाबामा, ओरेगन व आर्कान्सा या राज्यांत अशा भट्ट्या चालवल्या. गोळ्यातले विष काढून एका भट्टीत, स्फोटके दुसरीत आणि रिकामे धातूचे कवच तिसरीत, अशी विभागणी असे आणि द्रवरूप विषाच्या भट्टीचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या कितीतरी वर ठेवले जाई. या भट्ट्यांनी आपले काम केले, हे मान्य करायला हवे; अमेरिकेचा बराचसा साठा त्यांतच संपला.

तरीही केंटकी राज्यात ही अस्त्रे साठवलेल्या ब्लू ग्रास या लष्करी डेपोभोवतीच्या लोकांनी 1980 च्या दशकापासून भट्टीला ठाम नकार दिला. या विरोधाचे नेतृत्व करणारे क्रेग विल्यम्स व्हिएतनाम युद्धात लढलेले आणि व्यवसायाने लाकूडकाम करणारे गृहस्थ होते. क्लोरीन असलेला पदार्थ जळताना डायॉक्सिन हे अतिविषारी संयुग तयार होण्याची भीती त्यांच्या बाजूने होती, आणि यूटातल्या मस्टर्ड या अंगावर फोड आणणाऱ्या युद्धविषाच्या काही टाक्यांत पारा सापडला तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली, ती म्हणजे पारा हे मूलद्रव्य आहे आणि कितीही जाळले तरी ते पाराच राहते. पण माझ्या मते या विरोधातला सर्वांत वजनदार मुद्दा यापेक्षा साधा होता. चिमणीतून निघालेला वायू थांबवून ठेवता येत नाही. उपकरणाने धोक्याची घंटा वाजवली, तोवर जे जायचे ते गेलेले असते. त्याऐवजी विष द्रवातच मोडले, तर तो द्रव टाकीत कोंडून ठेवता येतो, त्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासता येतो आणि विष उरलेले आढळले तर तीच प्रक्रिया पुन्हा करता येते. अडवा, तपासा, मगच सोडा. पर्यायांचा पुढचा सगळा शोध या तीन शब्दांभोवती फिरला.

आपल्याकडे पीथमपूरला वेगळ्या संदर्भात हाच प्रश्न विचारला गेला. भोपाळच्या कारखान्यातला 337 टन कचरा 2025 च्या जानेवारीत तिथे पोहोचला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, आणि चिमणीतून नेमके काय बाहेर पडणार, हीच त्यांची चिंता होती. चाचण्यांनंतर तो कचरा जाळलाच गेला.

अमेरिकी संसदेने 1996 मध्ये कायदा करून भट्टीला किमान दोन पर्याय प्रत्यक्ष तपासून पाहण्याचे बंधन घातले. लष्करी अधिकारी, पर्यावरण खात्याचे लोक आणि डेपोजवळ राहणारे नागरिक एकाच टेबलाभोवती बसले आणि निवडीचे निकष त्यांनी मिळून ठरवले. समोर आलेल्या कल्पना एकाहून एक चमत्कारिक होत्या. एकीत नायट्रिक आम्लातले चांदीचे आयन विजेच्या साहाय्याने विषाचे ऑक्सिडीकरण करणार होते. दुसरीत द्रवरूप अमोनियात सोडियम विरघळवायचे, म्हणजे गडद निळा द्रव तयार होतो आणि त्यातले मोकळे इलेक्ट्रॉन विषाचे बंध तोडतात. तिसरीत उष्ण हायड्रोजन, चौथीत प्लाझ्माची ज्योत. प्रयोगशाळेत देखण्या वाटलेल्या यांतल्या बहुतेक पद्धती प्रत्यक्ष कारखान्यापर्यंत पोहोचल्या नाहीत. सरशी झाली ती सर्वांत नीरस वाटणाऱ्या पद्धतीची: गरम पाणी, कॉस्टिक सोडा आणि ढवळणे. रसायनशास्त्रात तिला जलीय विच्छेदन म्हणतात.

मस्टर्डच्या बाबतीत ‘ढवळणे’ हा शब्द हलक्यात घेऊन चालत नाही. मस्टर्ड गॅस म्हटले तरी तो वायू नसतो. तो तेलकट, पाण्यापेक्षा जड द्रव असतो आणि साधारण 14 अंश सेल्सिअसखाली गोठतो, म्हणजे परभणीच्या डिसेंबरातल्या पहाटे तो बाटलीत घट्ट झालेला दिसेल. पाण्यात विरघळलेला त्याचा रेणू मिनिटांत मोडतो, पण तो विरघळतोच अत्यल्प. पाणी स्थिर असेल तर थेंबाच्या पृष्ठभागावर झालेल्या विक्रियेतून एक चिवट साय धरते आणि आतले विष वर्षानुवर्षे जसेच्या तसे राहते. म्हणून मेरीलँडमधल्या ॲबर्डीन येथे 2003 ते 2005 या काळात सुमारे दीड हजार टन मस्टर्ड नष्ट करताना ते सुमारे 90 अंशांच्या पाण्यात जोराने घुसळत मिसळले गेले. त्यातून क्लोरीन हायड्रोक्लोरिक आम्लाच्या रूपाने सुटले, ते कॉस्टिक सोड्याने मारले गेले आणि मागे राहिले थायोडायग्लायकॉल.

थायोडायग्लायकॉल हा तसा निरुपद्रवी म्हणावा असा पदार्थ आहे. शाईत आणि कापडाच्या छपाईत तो द्रावक म्हणून वापरला जातो. अडचण एवढीच की त्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाची क्रिया केली तर पुन्हा मस्टर्ड तयार होते, त्यामुळे करारात तोही नियंत्रित पदार्थांच्या यादीत आहे. त्याचा शेवट करण्याचे काम जिवाणूंकडे सोपवण्यात आले. कोलोरॅडोतल्या प्वेब्लो येथे 7,80,000 हून अधिक तोफगोळे व उखळी तोफांचे गोळे होते; त्यांतले बहुतेक यंत्रमानवांनी उघडले, मस्टर्ड उच्च दाबाच्या पाण्याने धुऊन काढले, ते मोडले आणि उरलेला द्रव जिवाणूंच्या टाक्यांत सोडला. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत सांडपाणी प्रक्रिया केंद्र सांभाळणाऱ्याला त्या टाक्या परक्या वाटणार नाहीत: तीच खालून सोडलेली हवा, तीच जिवाणूंना एका वेळी फार खाऊ घालायचे नाही ही खबरदारी, आणि शेवटी उरणारा तोच गाळ व क्षार. फरक एवढाच की इथल्या जिवाणूंचे अन्न गंधकयुक्त होते आणि त्याचे मूळ एका अस्त्रात होते.

व्हीएक्सने मात्र रसायनशास्त्रज्ञांना चांगलेच जेरीस आणले. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात त्याचा फॉस्फरस-गंधक बंध तुटला तर विष संपते. परंतु साध्या तापमानाला काही रेणूंमध्ये तो बंध तसाच राहतो आणि शेजारचा फॉस्फरस-ऑक्सिजन बंध तुटतो. त्यातून जो पदार्थ निघतो तो पाण्यात सहज विरघळतो, लवकर मोडत नाही आणि विषारीपणात जवळपास व्हीएक्सच्याच पंक्तीला बसतो. म्हणजे मूळ विष नाहीसे झाले असा अहवाल येतो आणि टाकीतला द्रव तरीही जीवघेणा असतो. अधिक तीव्र कॉस्टिक आणि जास्त तापमान वापरून हा दुसरा पदार्थही मोडता येतो, आणि इंडियाना राज्यातल्या न्यूपोर्टला 2005 ते 2008 दरम्यान याच पद्धतीने सारे व्हीएक्स मोडले गेले. इथे ‘अडवा आणि तपासा’ हा नियम नसता तर काय झाले असते, याची कल्पना करावी. चिमणीला असे थांबून पाहता येत नाही.

पण न्यूपोर्टच्या गोष्टीचा शेवट भट्टीविरोधकांना सुखावणारा नाही. व्हीएक्स मोडल्यावर उरलेल्या क्षारयुक्त, उग्र वासाच्या द्रवाचे करायचे काय, यावर वाद झाला, आणि अखेर तो शेकडो किलोमीटर दूर टेक्सासमध्ये नेऊन जाळण्यात आला. ब्लू ग्रासला हे टाळण्यासाठी अतिक्रांतिक पाण्याची योजना होती. पाणी 374 अंश सेल्सिअस आणि हवेच्या दाबाच्या सुमारे 218 पट दाबापलीकडे नेले की ते द्रव राहत नाही आणि वायूही होत नाही. त्यात तेल व ऑक्सिजन सहज मिसळतात आणि सेंद्रिय पदार्थ ज्वाळेशिवाय कार्बन डायऑक्साइड व पाण्यापर्यंत पोहोचतात. (घरच्या कुकरमध्ये शिटीच्या वेळी हवेच्या दाबाच्या जेमतेम दुप्पट दाब असतो.) मात्र या अवस्थेतल्या पाण्यात क्षार विरघळत नाहीत. ते नळीतच साचतात आणि क्लोराइड, फ्लोराइड व फॉस्फेट मिळून धातू खात सुटतात. बसवलेली ही यंत्रणा शेवटी बाजूला ठेवावी लागली आणि द्रव केंद्राबाहेर पाठवावा लागला. तिथल्या जुन्या मस्टर्डच्या गोळ्यांतले विष तर घट्ट होऊन कवचाला चिकटले होते. ते धुऊन निघेना, म्हणून पाचशे अंशांहून अधिक तापवलेल्या जाड पोलादी कक्षात अख्खे गोळे फोडावे लागले. उष्णतेला पूर्ण फाटा देणे कोणालाच जमले नाही. 7 जुलै 2023 रोजी ब्लू ग्रासचे शेवटचे सॅरिनभरले रॉकेट संपले आणि जगातील देशांनी जाहीर केलेल्या 72,304 टनांच्या साठ्याचा हिशेब पूर्ण झाला. त्यात भारताने 1997 मध्ये जाहीर करून 2009 मध्ये नष्ट केलेले 1,044 टन मस्टर्डही होते.

जलीय विच्छेदनाचा खरा फायदा सीरियाचा रासायनिक अस्त्रसाठा नष्ट करायच्या वेळी दिसला. कोणताही देश त्यातली सर्वांत घातक रसायने आपल्या जमिनीवर घ्यायला तयार नव्हता. तेव्हा ‘केप रे’ या अमेरिकी जहाजाच्या पोटात विच्छेदनाचे फिरते संयंत्र बसवून 2014 च्या उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात सुमारे 600 टन माल मोडण्यात आला. एक थेंबही समुद्रात सोडला नाही. सारा द्रव पुढील प्रक्रियेसाठी फिनलंड व जर्मनीला गेला.

आता संशोधकांचे लक्ष पुन्हा शेतातल्या मातीकडे आहे. एन. सेतुनाथन आणि टी. योशिदा यांनी 1973 मध्ये फिलिपीन्समधल्या भातखाचरातून डायझिनॉन हे कीटकनाशक फस्त करणारा जिवाणू वेगळा केला. अशा जिवाणूंतले एंझाइम, ज्याच्या गाभ्यात जस्ताचे दोन आयन असतात, सॅरिनचा फॉस्फरस-फ्लोरिन बंधही तोडते, आणि तेही कॉस्टिकच्या दाहाशिवाय, साध्या तापमानाला. झिर्कोनियमच्या सच्छिद्र स्फटिकांनी हीच नक्कल साधली असून कपड्यांत व मुखवट्यांत ते वापरण्याचे प्रयत्न चालू आहेत. टनांच्या मापात मात्र या पद्धती अडखळतात: बंध तुटला की आम्ल सुटते, आम्ल वाढले की एंझाइम थंडावते, आणि ते चालू ठेवायला पुन्हा अल्कलीच ओतत राहावी लागते.

बाल्टिक समुद्राच्या तळाशी असलेल्या मस्टर्डला यांतले काहीच लागू पडत नाही. 1985 पूर्वी समुद्रात टाकलेली अस्त्रे जाहीर करण्याचे बंधन करारात नाही, आणि तिथले मासेमार अधूनमधून जाळ्यात आलेला पिवळसर-तपकिरी गोळा पाहून थबकतात. बाहेरून चिवट साय, आत सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचे विष. भोवती अथांग पाणी आहे, पण ते ढवळणारे कोणी नाही.