बेल्जियममधील व्यावसायिक शिष्टाचार

बेल्जियममधील व्यावसायिक शिष्टाचार : बेल्जियममधील कंपन्या, कार्यालये आणि व्यापारी यांच्याशी व्यवहार करताना पाळायचे संकेत. देशभर लागू पडेल अशी एकच रीत सांगता येत नाही. पहिला प्रश्न भाषेचा असतो, आणि समोरचा माणूस कुठल्या भागातला आहे हे कळल्याशिवाय त्याचे उत्तर मिळत नाही.

उत्तरेकडील फ्लँडर्समध्ये डच, दक्षिणेकडील वालोनियात फ्रेंच आणि पूर्व सीमेवरील ऑयपेन परिसरात जर्मन बोलली जाते. ब्रसेल्स कायद्याने द्विभाषिक असले, तरी तिथे कानावर पडते ती बहुतेक फ्रेंचच. भाषांची सीमारेषा १९६२-६३ च्या कायद्यांनी पक्की झाली. फ्लँडर्समधील लूव्हेनच्या विद्यापीठाची १९६८ मध्ये भाषेवरून फाळणी झाली आणि फ्रेंच विभागासाठी सीमेपलीकडे लूव्हँ-ला-नव्ह नावाचे नवे शहरच वसवावे लागले. त्यामुळे गेंट किंवा अँटवर्पच्या माणसाशी थेट फ्रेंचमध्ये सुरुवात करणे, म्हणजे पहिल्याच वाक्यात जुनी खपली काढणे. त्यापेक्षा इंग्रजी बरी, कारण ती दोन्ही पक्षांना सारखीच परकी. फ्लेमिश माणसाला हॉलंडचा आणि वालून माणसाला फ्रान्सचा समजणेही तितकेच खटकते. लेखी व्यवहारात तर कायदाच आडवा येतो. फ्लँडर्समधील मालकाने कामगारांशी कागदोपत्री व्यवहार डचमध्येच करावा, असा आदेश १९७३ मध्ये निघाला. सीमापार नोकरीच्या करारांपुरती ही सक्ती युरोपीय न्यायालयाने २०१३ मध्ये गैर ठरवली.

गावांची नावेही भाषेबरोबर बदलतात. फ्रेंचमधले मोंस हे डचमध्ये बेर्गन. फ्लँडर्सच्या महामार्गावर ‘रायसल’ अशी पाटी दिसते, ती फ्रान्समधील लील शहराची. बैठकीला उशीर व्हायला एवढे कारण पुरते. आकड्यांतही फरक आहे. फ्रान्समध्ये सत्तरला ‘साठ-दहा’ आणि नव्वदला ‘चार-वीस-दहा’ अशा अर्थाचे शब्द वापरतात; बेल्जियन फ्रेंचमध्ये त्यांना ‘सेप्तांत’ आणि ‘नोनांत’ असे सुटसुटीत शब्द आहेत. (हिशेबाच्या दृष्टीने बेल्जियनच शहाणे म्हणायचे.)

संबोधनाचा भाग मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. डचमधील ‘यू’ आणि फ्रेंचमधील ‘व्हू’ म्हणजे आपले अहो-जाहो. सुरुवात तिथून करावी. अरे-तुरेवर येण्याचे आमंत्रण समोरून, शक्यतो वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाकडून यावे. फ्लँडर्समध्ये ते लवकर येते. आल्यावर आणि निघताना प्रत्येकाशी हस्तांदोलन करतात. गालाला गाल लावून एक चुंबन घेण्याची पद्धत ओळखीच्यांपुरती आहे. वेळ पाळावीच लागते.

बैठकीत बढाईला किंमत नाही. आपल्या मालाची अतोनात स्तुती करणाऱ्याकडे बेल्जियन माणूस शांतपणे बघत राहतो, आणि नवखा विक्रेता त्या शांततेला होकार समजतो. निर्णय सहसा तडजोडीतून होतात. प्रत्येकाच्या पदरात थोडे टाकणाऱ्या किचकट तोडग्याला ‘बेल्जियन तडजोड’ असे नावच पडले आहे. २०१० च्या निवडणुकीनंतर पूर्ण सरकार बनायला ५४१ दिवस लागले, तोवर काळजीवाहू मंत्रिमंडळ कारभार हाकत होते. अशा देशात ‘उद्या सही करा’ असा लकडा लावून फारसे काही साधत नाही.

२१ जुलै हा राष्ट्रीय दिन. शिवाय फ्लेमिशांचा ११ जुलैला, फ्रेंच समाजाचा २७ सप्टेंबरला आणि जर्मनभाषकांचा १५ नोव्हेंबरला वेगळा दिवस असतो. जुलैमध्ये बांधकामाची कामे काही आठवडे बंदच असतात.

घरी जेवायला बोलावले तर फुले न्यावीत, पण शेवंती नको. १ नोव्हेंबरच्या सुमारास ती थडग्यांवर वाहतात. बाहेरून चॉकलेट नेणे म्हणजे कोकणात नारळ नेणे.

अँटवर्पच्या होव्हेनियर्सस्ट्राट परिसरातील हिरेबाजाराची रीत निराळी आहे. ज्यू व्यापाऱ्यांची ही पेठ. आता तिथे भारतीय, मुख्यतः पालनपूरची गुजराती जैन घराणी, मोठ्या संख्येने आहेत, आणि मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील हिरेबाजाराशी त्यांचे रोजचे देणेघेणे चालते. ‘मझल’ (हिब्रूत नशीब) म्हणून हात मिळवला की सौदा पक्का, व्यापारी कुठल्याही धर्माचा असो. त्यानंतर भाव फिरवणाऱ्याला बाजाराच्या लवादापुढे उभे राहावे लागते.